उत्तरेच्या खिडक्या

पहिली दोरी बांधायची त्या सकाळी तुळजाला दोनदा उलटी झाली. अंग तापलं नव्हतं, तरी मी दर थोड्या वेळानं तिच्या मानेला हात लावून बघत होते. नऊ महिन्यांची पोर आणि चहूकडे रान. पायवाटेवरचं प्रत्येक सुकलेलं पान मला हलल्यासारखं दिसत होतं.

सासरे पुढे चालले होते. बाळाराम मिस्त्री. खांद्यावर दोरीचं वेटोळं, हातात नारळ, कमरेला ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचं दोरीचं वजन. त्यांच्यामागे मी, कडेवर तुळजा आणि काखेत नकाशाची गुंडाळी. सगळ्यांत मागे वारली पाड्यावरचा देवू आणि त्याची बायको बायडी, पहारी आणि घमेली घेऊन.

"मामा, ऊन थोडं वर येऊ द्या ना. पोरीला गारठा लागतोय."

"पदरात घे तिला, बाय," सासरे न थांबता म्हणाले. "दोरी उगवतीलाच लागते. चाळीस वर्सं हातात थापी हाय, दिवस वर आल्यावर एक पन घर धरलं न्हाय मी."

मागून देवू हसला. "मिस्त्री, हे घर न्हाय. हितं कोन झोपनार हाय? पाखरं मोजायची लेबाटरी ती."

"चार भिंती आल्या का घरच ते," सासरे म्हणाले.

भिवंडीहून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. गावामागे डोंगर, डोंगराखाली तळं आणि तळ्याला धरून हे राखीव रान. चौऱ्याहत्तर साली मुंबईच्या एका कॉलेजला तिथं दोन इमारती बांधायची परवानगी मिळाली. एक प्रयोगशाळा आणि एक शिकवायचा वर्ग. त्या कॉलेजातल्या जानकीबाई मला बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकवायला होत्या. त्यांनी कार्ड टाकलं होतं, तू तिथलीच आहेस, बांधकामावर लक्ष ठेवशील का, आणि झाल्यावर तिथंच काम करशील का, पानं सुकवायला, नोंदी ठेवायला, आसपासच्या मुलांना शिकवायला. ते कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. उलट टपाली मी होकार कळवला आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली, की माझे सासरे गवंडी आहेत.

त्या एका ओळीनं घोळ झाला. कॉलेजच्या कमिटीला नारपोलीचा नामा ठेकेदार हवा होता. त्यानं लूमच्या पंधरा शेड उभ्या केल्या होत्या. जानकीबाई एकट्या अडून बसल्या. शेवटी ठरलं ते असं की प्रयोगशाळेचं जोतं बाळाराम मिस्त्रींनी बांधायचं. ते बघून पुढचं काम त्यांना द्यायचं की नामाला, हे ठरेल. सासऱ्यांना दोन वर्षं धड काम नव्हतं. जो तो ठेकेदाराकडून स्लॅब टाकून घेत होता. सासरे ओट्यावर बसून थापीचा गंज काढत, आणि सासूबाई म्हणत, "घासून घासून ती थापी चमचा झाली."

सूर्य तळ्यापलीकडच्या टेकाडावर आला तसे सासरे त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले. नारळ फोडला, पाणी मातीवर शिंपडलं. मग म्हणाले, "हां. वाच."

मी नकाशा उलगडला. निळा कागद, पांढऱ्या रेघा. तेवढ्यात तुळजा पुन्हा ओकली, माझ्या खांद्यावर आणि पाठीवर. एका हातानं तिला पुसत मी वाचलं, "वरची बाजू तीस फूट. तिच्यात पाच खिडक्या. बाजूच्या भिंती अठरा फूट."

"वरची तीस," सासरे समोर बघत म्हणाले आणि देवूला दोरीचं टोक दिलं. "जा सरळ."

मी बघत होते ती तुळजाच्या ओठांकडे. निळे तर पडले नाहीत ना.

नाही पडले. आदल्या दिवशी सासूबाईंनी तिला उकडलेलं रताळं भरवलं होतं, एवढंच निघालं.

मग बारा दिवस नुसतं काम. ओढ्यातला काळा दगड देवू पहारीनं सुटा करी, सासरे हातोडीनं त्याची तोंडं घडवत. बायडी आणि मी तळ्यावरून पाणी आणत होतो. बांधलेल्या जोत्यावर दिवसातून तीनदा पाणी मारावं लागे. डोक्यावर हंडा घेतला की माझी मान दुखे, आणि बायडी दोन हंडे घेऊन माझ्या पुढे चाले, वर गप्पा मारी.

"तुझी मान पुस्तकानं वाकलीय, बाई. वर बघायची सवय न्हाय तुला."

"वर बघितलं तर पायाखाली काय आहे ते कसं दिसणार?"

"पायाखालचं आपोआप बाजूला व्हतं. तू नुसती चाल."

दुपारी सासूबाई, गुणाबाई, डोक्यावर पाटी घेऊन येत. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कांदा. आल्या आल्या त्या नातीला झोळीतून उचलत, तिचे पाय दाबून बघत आणि मला म्हणत, "मुंग्या चढल्यात बघ. कॉलेजात मुंग्या शिकवतात, झाडायला न्हाय शिकवत." मुंगी एकच असे.

शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे माझा नवरा पंढरी दगड उचलायला येई. आठवडाभर मागाच्या खडखडाटात राहून त्याला ओरडून बोलायची सवय झाली होती. "ही सावली कसली छान हाय गो," असं तो कानात सांगायचं म्हणून म्हणाला तरी तळ्यावरचे बगळे उडत. सासूबाई म्हणत, "हळू बोल रे. त्या बाई यायच्या आत एक पाखरू उरायचं न्हाय हितं."

दगडावर दगड बसत गेला. जोतं कमरेएवढं आलं. सासरे संध्याकाळी त्याच्या कडेवर तळहात फिरवत घरी निघत, जसा कुणी बैलाच्या पाठीवरून फिरवावा. बारा दिवसांत त्यांचा आवाजसुद्धा बदलला होता. जेवताना ते गोष्टी सांगायला लागले होते.

तेराव्या दिवशी सकाळी मी तुळजाची झोळी जोत्याच्या लांब बाजूला बांधली, जिथं खिडक्या यायच्या होत्या तिथंच, दोन बांबूंच्या मधे. ती झोपली. थोड्या वेळानं रडली. तोंडावर ऊन आलं होतं. मी झोळी एक बांबू पलीकडे सरकवली. पुन्हा ऊन. तिसऱ्यांदा सरकवली तेव्हा हात मधेच थांबला.

या बाजूला ऊन येता कामा नये होतं.

जानकीबाईंनी मला दोनदा बजावलं होतं. तिथं वीज नाही. सूक्ष्मदर्शकाला खाली आरसा असतो, त्यावर आकाशाचा उजेड घ्यायचा. ऊन पडलं तर डोळा दिपतो, दिसत काही नाही. म्हणून पाचही खिडक्या उत्तरेला, जिथून सूर्य सहसा आत डोकावत नाही. मी धावत जाऊन नकाशा काढला. कोपऱ्यात नखाएवढा बाण होता आणि त्याच्या टोकाला बारीक 'उ'. बाण कागदाच्या वरच्या बाजूला दाखवत होता.

मी 'वरची बाजू' म्हणून वाचलं होतं. आणि सासऱ्यांनी ती समोर धरली होती, उगवतीला, चाळीस वर्षं धरत आले तशी. अख्खं जोतं पाव वळसा फिरलं होतं.

शनिवारी जानकीबाई येणार होत्या. आज गुरुवार.

दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही, एवढंच आठवतं की मी चटणीकडे बघून बोलत होते. सासऱ्यांनी घास तोंडाशी नेलेला परत ठेवला.

"फिरून सांग."

मी कागद मांडला, बाण दाखवला. त्यांनी तो बोटानं पुसून बघितला, जसा काही डाग असावा.

"कॉलेज शिकलीस आनि दिशा न्हाय सांगता आली?" सासूबाई म्हणाल्या.

"तिला कशाला बोलतेस," सासरे म्हणाले. "दोरी कोनी धरली?"

ते उठले, हात न धुता जोत्यापाशी गेले, पहार उचलली आणि कोपऱ्याच्या दगडाच्या सांध्यात घातली. देवू धावला. त्यानं पहारीचं दुसरं टोक धरलं आणि दोघं तसेच उभे राहिले, एक ढकलतोय, एक ओढतोय, दोघांच्याही मानेच्या शिरा फुगलेल्या.

"सोड, देवू."

"न्हाय सोडनार. माझा दगड हाय त्यो. ओढ्यातनं मी आनलाय."

नेमका त्याच वेळी नामा ठेकेदार आला. तळ्याच्या बांधावर सायकल लावून, पांढऱ्या कपड्यांत. शनिवारच्या आधी एकदा नजर टाकावी म्हणून आला असणार. काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही. मांडलेला नकाशा त्यानं उचलला, एकदा जोत्याकडे बघितलं, एकदा आकाशाकडे.

"चाचा," तो म्हणाला, "सूरज किधर से निकलता है, इतना तो मालूम होना मंगता ना."

"मालूम हाय रे," सासरे म्हणाले. त्यांनी पहार सोडून दिली होती. "तेवढंच मालूम हाय. तेच नडलं."

नामा हसला, पण फारसं नाही. जाताना म्हणाला, "काम सफाईचं आहे. उलटं आहे, पण सफाईचं आहे." ते सासऱ्यांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

ते तळ्याच्या काठी जाऊन बसले. पाय पाण्यात सोडून, आमच्याकडे पाठ करून. मी तुळजाला पाजायला घेतलं आणि नकाशा मांडीवर पसरला. ती दूध पिता पिता पायानं कागद लाथाडत होती. मी तो पुन्हा पुन्हा ओढून घेत होते. एकदा तो तिच्या लाथेनं आडवा झाला आणि मी तसाच राहू दिला.

नकाशात प्रयोगशाळेशेजारी दुसरी इमारत होती, वर्गाची. तिची लांब बाजू उगवतीला काढली होती, तळ्याकडे, म्हणजे शिकवताना मुलांना पाखरं दिसावीत. तीस फूट लांब, वीस फूट रुंद. आणि आम्ही बांधून ठेवलेलं काय होतं? तळ्याकडे तोंड केलेलं, तीस फूट लांब, अठरा फूट रुंद.

मी हळूच उठले. उठताना तुळजा चावली, तिला नुकते दोन दात आले होते. तिला कडेवर घेऊन मी वर्गाची जागा पावलांनी मोजून आले.

"मामा," मी त्यांच्या मागे उभी राहून म्हटलं, "आपण वर्ग बांधलाय."

त्यांनी वळून बघितलं नाही.

"हे वर्गाचं जोतं आहे. दोन फूट कमी आहे फक्त. प्रयोगशाळा वर्गाच्या जागेवर नेऊ. तिथं अजून कुदळ पडलेली नाही. तिथं ती उत्तरेला वळवायची."

त्यांनी पाय पाण्यातून बाहेर काढले. मग म्हणाले, "कुंभ्याचं झाड येतं मधी."

"आठ पावलं मागे घेतलं तर नाही येत. मी मोजली."

"पोरीला घेऊन मोजलीस?"

"घेऊनच."

"मग सात धर," ते म्हणाले. "तू घाबरून पाय आखूड टाकतेस."

शनिवारी जानकीबाई पहिल्या एसटीनं आल्या. सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. नामाही आला होता, आणि कमिटीतले एक गृहस्थ. मी काय बोलायचं ते रात्रभर जुळवून ठेवलं होतं. पण सासरेच पुढे झाले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. मी कागद उगवतीला धरला."

"वाचला मी," मी म्हटलं. "दिशा मी सांगितली नाही."

"तिची पोर आजारी व्हती."

"आजारी नव्हती, रताळं खाल्लं होतं."

"सून-सासऱ्याचं आधी ठरू द्या," सासूबाई मागून म्हणाल्या, "मग बाईंना सांगा कोनाला रागवायचं ते."

जानकीबाईंनी कुणालाच काही म्हटलं नाही. नकाशा घेतला आणि जोत्याभोवती चालत गेल्या. मी त्यांच्या बाजूनं चालत वर्गाचं सगळं सांगितलं, कुंभ्याच्या झाडासकट. त्या मधेच थांबून दगडांच्या फटीत नख घालून बघत. नख जात नव्हतं. तिसऱ्या कोपऱ्यावर त्या थांबल्या.

"वर्ग दोन फूट अरुंद होईल."

"हो."

"पोरं तशीही एकमेकांना चिकटूनच बसतात," त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. "मिस्त्री, दुसऱ्या वेळी उत्तर चुकणार नाही, हे मी कमिटीला कशाच्या जोरावर सांगू?"

सासरे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं आता काम गेलंच. मी त्यांच्या कमरेकडे हात केला.

"मामा, ओळंबा द्या जरा."

देवूनं तीन काठ्यांचा तिवा करून दिला. मी दुसऱ्या जागेवर तो उभा केला आणि मधे ओळंबा सोडला, जमिनीला टेकेल न टेकेल असा. दोरीची सावली मातीवर पडली. "हिच्याकडे बघत बसायचं," मी म्हटलं. "दर थोड्या वेळानं तिव्याच्या डोक्याच्या सावलीवर खडा ठेवायचा. सावली आखडत जाईल, मग पुन्हा लांबायला लागेल. सगळ्यांत आखूड असेल तेव्हा ती बरोबर उत्तरेला असते."

साडेअकरापासून एक वाजून जाईपर्यंत सगळे त्या सावलीभोवती उकिडवे बसले. जानकीबाई बूट काढून बसल्या. कमिटीचे गृहस्थ आधी उभे होते, मग रुमाल पसरून बसले. खडा ठेवायचं काम सासऱ्यांनी कुणाला दिलं नाही. नामा घड्याळ बघत होता, आणि एकदा सावलीला हात आडवा आला म्हणून बायडी त्याच्यावर खेकसली.

"आता लांबली," शेवटी सासरे म्हणाले. "ह्यो खडा. ह्याच्या आधीचा न्हाय, नंतरचा न्हाय." त्यांनी ओळंब्यापासून त्या खड्यापर्यंत बोटानं रेघ ओढली. रेघ डोंगराच्या खिंडीकडे गेली होती. ते तिथंच गुडघ्यांवर बसून खिंडीकडे बघत राहिले. "चाळीस वर्सं कमरेला लावून फिरतोय," ते ओळंब्याला म्हणाले, "कवा बोलला न्हायस."

जानकीबाईंनी कमिटीच्या गृहस्थांकडे बघितलं. ते रुमाल झटकत होते. "आता मला विचारू नका," ते म्हणाले. "मी दीड तास मातीत बसलोय, ते काय मिस्त्री बदलायला?"

नामानं सायकल घेतली. जाता जाता सासऱ्यांना म्हणाला, "चाचा, पत्रे लागले तर सांगा. शेडवरचे चांगले आहेत माझ्याकडे." सासरे म्हणाले, "कौलं घालनार हाय मी." पण त्याला चहा पाजूनच सोडलं.

दुसऱ्या जोत्याची दोरी बांधली तेव्हाही सासरे पहाटेच निघाले, नारळ फोडून उगवतीला नमस्कार केला. मग टाच फिरवून खिंडीकडे वळले आणि म्हणाले, "सूनबाई, कागद कसा धरलायस, दाखव आधी." रोज विचारत. विटांची भिंत छातीएवढी आली तरी विचारत. भिंत काही कुठे जात नव्हती, पण मीही रोज दाखवत होते.

माघ सरला, शिमगा गेला. देवूनं वाशांसाठी रानाबाहेरून बांबू आणले, राखीव रानातली काडी कुणी मोडली नाही. बायडीनं वर्गाची जमीन चोपून सारवली. तुळजा तिथंच पहिल्यांदा रांगली, ओल्या सारवणावरून, आणि तिच्या पंज्यांचे ठसे उमटले. मी पुसायला धावले तर बायडीनं माझा हात धरला. "राहू दे. कोनी तरी चाललं पायजे आधी." पोरीनं शेण तोंडात घातलं होतं. मी बोट घालून ते काढलं, तिचं पोट तीन दिवस बघत राहिले. काही झालं नाही.

चैत्रात जानकीबाई वीस विद्यार्थी घेऊन आल्या. आमच्या गावच्या शाळेतली आणि पाड्यावरची मुलंही आली. फीत नव्हती, भाषण नव्हतं. प्रयोगशाळेच्या पाच खिडक्यांखाली लांब टेबल, टेबलावर पाच सूक्ष्मदर्शक. सकाळचे दहा वाजले होते, बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं, आणि आत सगळीकडे सारखा, शांत उजेड पसरला होता. मी आरसा वळवला. भिंगातला गोल उजळला आणि तसाच राहिला.

सासूबाईंच्या पाटीतला कांदा घेऊन मी त्याचा पापुद्रा काढला, काचेवर पसरला, थेंबभर पाणी घातलं. हे काम आता माझं होतं. जानकीबाई म्हणाल्या, "आधी मिस्त्री."

सासरे दारात उभे होते, नवं धोतर नेसून. "मी काय बघू? पोरांना बघू द्या."

"खिडक्या कुणी बसवल्या?" जानकीबाई म्हणाल्या.

ते आले. हात धोतराला पुसले, टोपी काढली, कुठे ठेवावी ते कळेना म्हणून पंढरीकडे दिली. वाकले. आधी दोन्ही डोळे मिटले, मग मी सांगितलं तसा एक उघडला. मी हळूहळू चाक फिरवलं.

त्यांनी डोळा भिंगाला आणखी चिकटवला.

"दिसलं का, मामा?"

"कोनाचं काम हे?"

"कांद्याचं. कांद्याची साल आहे ती."

"खोटं," ते डोळा न काढता म्हणाले. "भिंत हाय ही. वीट दिसते ना मला. लांब वीट, एकसारखी. आनि सांधे बघ कसे मोडलेत. सांध्यावर सांधा एक पन न्हाय आला. कोनी शिकवलं ह्याला?"

मागे मुलांची रांग दारापर्यंत गेली होती. देवू मान लांब करून बघत होता. पंढरी त्याच्या मते कुजबुजत म्हणाला, "बाबा, आम्हाला पन बघू द्या की," आणि रांगेतली सगळी डोकी वळली.

"सरा आता बाजूला," सासूबाई म्हणाल्या. "पोरं ताटकळलीत."

"थांब गो," सासरे म्हणाले. त्यांनी दोन्ही हात टेबलावर घट्ट टेकले. "अजून कोपरा बघायचाय."